मागच्या चाकातली हवा

मागच्या चाकातली हवा दुसऱ्यांदा गेली तेव्हा मी सायकल बाभळीला टेकवली, कमरेवर हात ठेवले आणि सगळ्यांची तोंडं एकेक करून न्याहाळली. बिनतिकिटाचा माणूस हुडकताना न्याहाळते तशी.

"खिळा नाही, काटा नाही, आणि हवा दोनदा जाते," मी म्हटलं. "ह्याला काय म्हणायचं?"

"ह्याला म्हातारी सायकल म्हणायचं," नवनाथ फंड म्हणाला. "ताई, कितीदा सांगितलं, गियरची घ्या म्हणून."

फंडाचं करमाळ्यात औषधांचं दुकान, आणि आमच्या सायकल मंडळाचा तो अध्यक्ष. गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर काळा चष्मा, तोही धुक्यात. मंडळात बाई मी एकटीच, आणि जुन्या काळ्या सायकली आम्हा दोघांच्याच, माझी आणि दिगंबर अण्णांची. आमच्यामुळे मंडळाचे फोटो बिघडतात अशी फंडाची तक्रार होती, म्हणून माझा पहिला संशय त्याच्यावर. पण फंड कायम सगळ्यांच्या पुढं. पुढच्या माणसाला माझ्या मागच्या चाकाशी काय करता येणार? मग माझी नजर वळली अण्णांच्या मुलाकडं, आदिनाथकडं. पुण्याहून कालच आलेला, कुणाची तरी झकपक सायकल मागून आणलेली, आणि करमाळा सोडल्यापासून हा पठ्ठ्या माझ्या मागच्या चाकाला गोचडीसारखा चिकटलेला.

तेवढ्यात तो पंप घेऊन पुढं झालाच. "ताई, व्हा बाजूला. मी भरतो."

पहिल्या वेळीही ह्यानंच भरली होती.

मी तेव्हा एस.टी.त कंडक्टर होते. तोंडावरून माणूस ओळखणं हा आमचा धंदाच. ज्यानं तिकीट काढलेलं नसतं तो एक तर खिडकीबाहेर बघत बसतो, नाहीतर एकदम मदतीला धावतो. "मावशी, द्या ते पोतं, मी वर ठेवतो." आदिनाथ तसा धावत होता. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच.

त्या दिवशी काय पणाला लागलं होतं ते आधी सांगते. अण्णा वीजमंडळातले वायरमन. नोकरी संपली, बायको गेली, घरात एकटे. आमची भिंत एकच. आदल्या दिवाळीत त्यांच्या छातीत दुखलं, सोलापूरला न्यावं लागलं. तेव्हापासून आदिनाथनं धोशा लावला होता, पुण्याला चला. शनिवारी संध्याकाळी बापलेकांची त्यावरूनच जुंपली. मी भिंतीपलीकडं मेथी निवडत होते. सगळं ऐकू येत होतं, आणि आलं नसतं तर मी निवडायची जागा बदलली असती.

"दहाव्या मजल्यावर मी काय करू?" अण्णा म्हणत होते. "लिफ्टमधी बसून वर-खाली करू?"

"इथं तरी काय करता, अण्णा?"

"इथं मी सायकल चालवतो."

"तेच म्हणतोय मी. ह्या वयात, ह्या तब्येतीला..."

"आदू, ऐक. उद्या मंडळाची भैरोबाच्या डोंगराची फेरी हाय. बाराच्या आरतीच्या आत माझ्या पायानं पायडल मारीत वर पोचलो, तर पुण्याचं नाव पुन्हा काढायचं न्हाई. मागच्या टेम्पोत बसलो, तर घराला कुलूप, सायकल भंगारात, आन् तू म्हणशील तिथं मी येतो. बोल."

आदिनाथ खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "ठीक आहे. पण मीही येणार. सायकलवर."

माझ्या हातातली जुडी हातातच राहिली. वर्षानुवर्षं सायकलला पाय न लावलेला हा साहेब डोंगरावर कशाला येतोय? बापाला चढवायला, की बाप पडतो कधी ते बघायला?

तुम्ही म्हणाल, बाई, दुसऱ्याच्या घरचं तुला काय पडलंय? पडलंय. मला नवीन नोकरी लागली तेव्हा माझी ड्युटी पहाटेच्या पहिल्या गाडीवर असायची. डेपोपर्यंतचा रस्ता अंधारा, कुत्री मोकाट, आणि घरी मला सोडायला कोणी नाही. अण्णांनी एक शब्द न बोलता सायकल काढली. वर्षभर रोज पहाटे ते माझ्या पुढं बॅटरी धरून सायकल चालवत होते, आणि डेपोच्या फाटकाशी मला सोडून परत फिरत होते. कोणी विचारलं तर म्हणायचे, "मला झोप येत न्हाई, म्हणून फिरतो." अशा माणसाला लिफ्टमधी बसवायला कोणी निघालं, तर मी स्वस्थ बसणार होय?

तर आदिनाथ हवा भरत होता. भरत कसला होता, ताक घुसळत होता. दोन हिसके मारायचा, थांबायचा, हातांवर फुंकर मारायचा.

"अहो, जरा जोर लावा की," फंड म्हणाला. "उन्हं वर आली."

"थंडीनं बोटं वळेनात," आदिनाथ म्हणाला.

थंडी होती हे खरं. मार्गशीर्षातला रविवार, ज्वारीच्या पानांवर दव थिजलेलं, बोलताना तोंडातून वाफा. पण बोटं काही इतकी आखडली नव्हती. मंडळाचा नियम फंडानंच केलेला होता. ज्याची सायकल बिघडली त्याच्यासाठी सगळ्यांनी थांबायचं. जो दमला त्याच्यासाठी मात्र कोणी थांबायचं नाही, त्यानं गुमान मागून येणाऱ्या टेम्पोत बसायचं. "सायकल बिघडते, माणसानं बिघडायचं नाही," असं तो छाती काढून सांगायचा. म्हणजे माझ्या सायकलीपायी सगळ्यांचा खोळंबा होणार, वेळ जाणार, ऊन चढणार, आणि बारा वाजायच्या आत अण्णा वर पोचणार नाहीत. हिशेब सरळ होता. दोष कोणाचा? इंदूताईच्या, म्हणजे माझ्या, म्हाताऱ्या सायकलीचा.

अण्णा मैलाच्या दगडावर बसून बाटलीतलं पाणी घोटघोट पीत होते. मफलर कानांवरून खाली आला होता, ओठ थंडीनं काळेनिळे पडले होते.

"अण्णा, बरं आहे ना?" मी विचारलं.

"मला काय धाड भरलीय?" ते म्हणाले. "तो खांब दिसतो का, बांधावरचा? मी उभा केलाय. अजून रेसभर कलला न्हाई."

"जुन्या सायकलींचं हे असंच," आदिनाथ मान वर न करता म्हणाला. "अण्णांच्या सायकलीची आठवण आहे ना मला. मी लहान होतो, बारकी सायकल घेऊन ह्यांच्यामागं खांब बघायला यायचो. दर थोड्या वेळानं ह्यांची चेन पडायची. नुसता वैताग! सगळं आयुष्य त्या चेनपायी रस्त्याच्या कडेला उभं राहण्यात गेलं."

"पडायची खरी," अण्णा म्हणाले आणि बाटलीचं बूच लावलं.

बघा, मी मनात म्हटलं. अजून डूख धरून बसलाय.

शेवटी एकदाची हवा भरून झाली. फंडानं शिट्टी मारली, सगळे निघाले. मी मात्र चप्पल सरळ करायचं निमित्त केलं आणि मागच्या चाकाशी वाकले. हवा भरायच्या तोंडावर जी पितळी चकती असते, तिच्याभोवती बोटानं थुंकी लावली. जुन्या सायकलवाल्यांना ही रीत ठाऊक आहे. थुंकी तशीच राहिली तर सगळं ठीक. फुगा आला तर हवा निघतेय.

फुगा आला. चांगला टपोरा.

मी चकती धरून बघितली, तर ती सैल. मुद्दाम ठेवावी तितकीच सैल, एकदम भस्सकन जाणार नाही, थोडं पुढं जाऊन बसेल अशी. मी दात-ओठ खात ती आवळली आणि निघाले. असा संताप आला होता की थंडी कुठल्या कुठं पळाली.

पण नुसत्या संशयावर माणसाला धरता येत नाही, हे मला नोकरीनं शिकवलेलं. "अहो, चुकून सैल राहिली," असं तो म्हणाला असता, आणि फंडानंही मान हलवली असती. मुद्देमालासकट धरायचा तर डोळ्यांदेखत धरायचा. त्यातून वाटेत आणखी एक गोष्ट दिसली. आमच्या मागून येणारा टेम्पो मध्येच माझ्या बाजूनं गेला, तेव्हा मी आत डोकावले. हौद्यात गादी अंथरलेली, तिच्यावर उशी, पायथ्याशी घडी घातलेली चादर.

"ही कोणाची सोय?" मी ड्रायव्हरला ओरडून विचारलं.

"आदिनाथ साहेबांनी घातलीय. म्हाताऱ्यासाठी."

म्हणजे अंथरूणसुद्धा घालून झालं होतं! बाप अजून पायडल मारतोय आणि ह्यानं उशी तयार ठेवलीय. मी आदिनाथकडं वळून बघितलं. तो बिचारा धापा टाकत होता, नाक लालभडक झालं होतं, तरी नजर सारखी अण्णांच्या पाठीवर. शिकाऱ्याची असते तशी, असं मला तेव्हा वाटलं.

हिंगणवाडीच्या फाट्यावर चहाची टपरी आहे. तिथं शेकोटी पेटलेली होती, सगळे तिच्याभोवती गोळा झाले. पुढं घाट. मी माझी सायकल मुद्दाम सगळ्यांपासून लांब, उसाच्या रिकाम्या ट्रॉलीला टेकवली, चकती पुन्हा एकदा आवळून बघितली आणि मोठ्यानं म्हटलं, "मी आले गं बाई तोंड धुऊन." आणि ट्रॉलीच्या पलीकडं जाऊन उभी राहिले. चाकांच्या मधून मला सगळं दिसत होतं.

फार वेळ लागला नाही. आदिनाथ चहाचा ग्लास हातात घेऊन आला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग बुटाची नाडी बांधायला बसावं तसा माझ्या चाकाशी खाली बसला. त्याच्या बुटांना नाड्याच नव्हत्या, चिकटपट्ट्या होत्या.

मी ट्रॉलीला वळसा घालून गेले आणि त्याचं मनगट पकडलं. चिमटीत माझी पितळी चकती.

"चला," मी म्हटलं, "तिकीट दाखवा."

त्याचा चहा सांडला. एवढा मोठा साहेब, पण चेहरा शाळेत छडी खाणाऱ्या पोरासारखा झाला.

"ताई, हळू बोला," तो म्हणाला. "अण्णा ऐकतील."

"ऐकू देत की! सगळ्यांनाच ऐकू देत. सख्ख्या बापाला हरवायला माझ्या सायकलीची हवा सोडतोस? लाज नाही वाटत? त्यापेक्षा सरळ उचलून का नाही नेत त्यांना, हातपाय बांधून?"

"हरवायला?" तो माझ्याकडं बघतच राहिला. "ताई, तुम्हाला तसं वाटलं?"

"मग काय, आरती ओवाळायला सोडतोयस?"

त्यानं मनगट सोडवून घेतलं नाही. तसाच उकिडवा बसून, शेकोटीकडं एक डोळा ठेवून बोलायला लागला.

"डॉक्टर म्हणाले, सायकल चालवायला हरकत नाही. पण सलग नाही. थोडं चालवायचं, श्वास लागला की थांबायचं, बसायचं, मग पुढं. तेवढं केलं तर अजून बरीच वर्षं चालवतील म्हणाले. आता मला सांगा, अण्णांना थांबा म्हटलं तर थांबतील?"

थांबले नसते. छातीत दुखत असताना दवाखान्याच्या पायऱ्या ज्यानं आपल्या पायानं चढल्या, तो फंडासमोर दमलो म्हणणार होय?

"आणि तुमचा तो नियम. सायकल बिघडली तरच थांबायचं. मग म्हटलं, बिघडू दे सायकल."

"माझीच का पण?" मी विचारलं. "फंडाची का नाही? त्याची जिरली असती."

"बाकीच्यांच्या हवेला हात लावला तर ती एकदम जाते. तुमची ह्या चकतीतून हळूहळू जाते." तो जरा अडखळला. "आणि दुसऱ्या कोणाची हवा गेली असती तर नियम असूनही अण्णा पुढं निघून गेले असते, गाठतील म्हणून. तुम्हाला सोडून ते पुढं जात नाहीत."

मला पहाटेच्या अंधारातली ती बॅटरी आठवली. तरी मी आवाज पुन्हा चढवला, कारण संशय असा एका चहावर जात नाही.

"आणि टेम्पोतली गादी?"

"श्वास फारच लागला तर लगेच आडवं करा म्हणालेत डॉक्टर. ती लागू नये म्हणून तर हा खटाटोप चाललाय."

"अरे, पण मग पैज कबूल का केलीस? आणि हरू दे की त्यांना! हरले तर तुझंच काम होणार. आयते पुण्याला येणार."

त्यानं पहिल्यांदा माझ्या डोळ्याला डोळा दिला.

"हरलेला बाप घेऊन जाऊ, ताई? त्याला दहाव्या मजल्यावर बसवू आणि रोज ऑफिसला जाताना त्याचं तोंड बघू? पुण्याला चला म्हणतो ते माझा जीव राहत नाही म्हणून. रात्री फोन वाजला की आधी करमाळ्याचा नंबर आहे का ते बघतो मी. पण ते हरलेले मला बघवणार नाहीत. मी नाही म्हटलं असतं तरी ते आज आले असतेच. निदान मागं मी तरी असावं, म्हणून आलो."

खोटं बोलणारा माणूस बोलताना हात हलवतो. ह्याचे हात माझ्या चाकावर गप्प पडले होते. मी त्याचं मनगट सोडलं.

"हे तुला सुचलं कसं?" मी विचारलं.

"काय माहीत. सुचलं."

तेवढ्यात शेकोटीकडून अण्णांची हाक आली. "इंदे! कुठं गेलीस गं? तुझा चहा निवला!"

"आले, अण्णा!" मी ओरडले, आणि खाली वाकून आदिनाथच्या कानाशी म्हटलं, "घाटाच्या पहिल्या दोन वळणांना नको. तिथं चढ कमी आहे. पिंपळाचं वळण येतं ना, तिथं दम लागतो. तिथलं माझ्याकडं राहू दे. आणि पंप असा मरतुकड्यासारखा मारू नकोस, कोणालाही संशय येईल."

मग काय, चोरावर मोर. घाट सुरू झाला. अण्णा उठून उभे राहून पायडल मारत होते, खांदे डावी-उजवीकडं झुलत होते. मी त्यांच्या मागं, श्वास ऐकत. पिंपळाच्या अलीकडं त्या श्वासात शिट्टी वाजायला लागली. मी लपवाछपवीच्या भानगडीत पडले नाही. सरळ उतरले, "अगं बाई गं!" म्हणाले आणि वाकून चकतीच सोडून दिली. फुस्स झालं.

"परत?" फंड वरच्या वळणावरून ओरडला. "इंदूताई, घाला ती सायकल भंगारात! बारा वाजत आलेत!"

"फंड, तोंड सांभाळ," अण्णा म्हणाले. ते पिंपळाच्या पारावर टेकले होते आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून श्वास गोळा करत होते. "ती सायकल मी निवडून दिलीय तिला. सायकलीत खोट न्हाई."

आदिनाथ पंप घेऊन धावत आला. ह्या वेळी जोर लावून मारत होता, पण मीच मध्ये मध्ये त्याला थांबवत होते. "थांब, चाक फिरवून बघू दे. थांब, काटा असेल एखादा." अण्णांच्या ओठांवर हळूहळू रंग परत आला. त्यांनी मफलर झटकला आणि उठले. मी चकती आवळली ती आता शेवटची, कारण फंड खरं बोलत होता. वेळ उरला नव्हता.

त्यानंतरचा चढ कसा सरला ते सांगता यायचं नाही. मी वर बघितलं नाही, अण्णांच्या टाचांकडं बघत राहिले. टाच वर, टाच खाली. बाकीचे वर पोचून ओरडत होते, "चला अण्णा! आलं, आलं!" फंडसुद्धा ओरडत होता, शिट्ट्या मारत होता, आणि खरं सांगते, त्या वेळी मला तो पहिल्यांदा माणूस वाटला. देवळातला गुरव घंटेची दोरी हातात घेऊन उभा होता. अण्णांचं पुढचं चाक पायरीला टेकलं आणि घंटा वाजायला लागली. मी रडले. चांगली हमसून रडले. लोकांना वाटलं, बाईला देव भेटला.

आदिनाथ सगळ्यांत शेवटी आला, सायकल ढकलत. ढकलत आला तरी कोणी त्याला काही बोललं नाही, कारण पायडल मारत चढायची पैज त्याची नव्हती. तो अण्णांच्या पाया पडला.

"जिंकलात, अण्णा. पुण्याचं नाव काढणार नाही."

"जिंकलो म्हणायचं," अण्णा म्हणाले. त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

प्रसाद झाला, वांग्याचं भरीत आणि बाजरीच्या भाकरीवर ताव मारून झाला, आणि उन्हं कलायच्या आत आम्ही परत निघालो. घाट उतरायला कष्ट नव्हते. पण हिंगणवाडी सोडली की करमाळ्याकडं जाणारा रस्ता हळूहळू चढतो, डोळ्यांना दिसत नाही पण पोटऱ्यांना कळतो. तिथं आदिनाथ मागं पडायला लागला. त्याला सवय नव्हती, त्यात जाताना दुप्पट जीव जाळलेला. तोंड लाल, मान खाली, एक पाय वाकडा टाकत होता. पोटरीत गोळा आला असणार.

टेम्पो त्याच्या बरोबरीला आला. ड्रायव्हर हसत म्हणाला, "या साहेब, बसा. गादी हायच अंथरलेली."

पुढचे दोघंतिघं वळून हसले. आदिनाथनं मान हलवली, नाही म्हणाला, आणि आणखी जोर लावला. पण सायकल पुढं जाईना. एवढा वेळ ज्यानं बापाची लाज राखली, त्याची आता भर रस्त्यात जाणार हे मला दिसत होतं. मी उतरून पुन्हा चकती सोडायच्या बेतात होते.

तेवढ्यात पुढून आवाज आला.

"थांबा रे! माझी चेन पडली!"

अण्णा सायकल घेऊन रस्त्याच्या कडेला उभे होते. फंडानं कपाळाला हात लावला, पण नियम त्याचाच होता. शिट्टी वाजली, सगळे थांबले. आदिनाथ बांधावर जाऊन बसला तो बसलाच, पाय लांब करून, डोकं गुडघ्यात घालून.

"थांबा, मी बसवते," असं म्हणत मी अण्णांच्या सायकलीशी वाकले.

चेन जागच्या जागी होती. तेल घातलेली, ताठ, दातांवर बसलेली. मी वर बघितलं.

"बघ निवांत," अण्णा हलक्या आवाजात म्हणाले. "घाई करू नको."

"अण्णा, चेन तर..."

"बारका व्हता तवाबी असाच मागं राहायचा." ते आदिनाथकडं बघत नव्हते, लांबच्या एका खांबाकडं बघत होते. "रडंल, पण दमलो म्हणायचा न्हाई. थांब म्हटलं तर राग यायचा. मग माझी चेन पडायची."

मी उगाच चेनवरून बोट फिरवत राहिले.

"म्हणजे सकाळी..."

"सकाळपासनं तुझी हवा कुठं जाती, मला कळत न्हाई व्हय? पहिल्याच वेळी कळलं. पंप मारायची तऱ्हा बघितली अन् कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"त्यानं मला कधी धरलं का?" अण्णा म्हणाले. "मग मी त्याला कसा धरू?"

बांधावरून आदिनाथचा आवाज आला. श्वास जाग्यावर आला होता, आणि त्याबरोबर जुना वैतागही.

"अण्णा, अजून पडते का हो तुमची चेन? इतकी वर्षं झाली! टाका ना ती बदलून!"

"बदलू, बदलू," अण्णा म्हणाले.

मी चेनवरचं काळं तेल दोन्ही हातांना चांगलं फासून घेतलं, सगळ्यांना दिसेल असं. मग उठले, आदिनाथ बुटाच्या पट्ट्या आवळून उभा राहिला आहे हे बघून घेतलं, आणि म्हटलं, "बसली एकदाची चेन!"

माझ्या हँडलवरची घंटी मी दोनदा वाजवली. आमच्या गाडीत डबल बेल म्हणजे सगळे चढले, कोणी खाली राहिलं नाही, आता चला.